चावा कोणापासून लपवायचा?

पत्र : सप्रेम नमस्कार. मी मिरजेत राहते आणि एक भयप्रद दीर्घकथा लिहिते आहे. कृष्णेच्या पुरानंतर मेलेली माणसे उठू लागतात आणि काही जण एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतात, अशी तिची कल्पना आहे. त्यांत सुजाता ही परिचारिका आणि तंतुवाद्यांच्या कारखान्यात काम करणारी रुबिना या दोघी आहेत. त्यांचे एकमेकींवर प्रेम आहे, पण ते कोणालाच ठाऊक नाही. रुबिनाला झॉम्बी चावतो आणि ती तो चावा शेवटपर्यंत लपवते. आयुष्यभर ती जे लपवत आली त्याचेच हे रूप, असे मला दाखवायचे होते. अखेरीस ती उलटते, म्हणजे स्वतःच झॉम्बी होते, दोघातिघांचा जीव घेते आणि सुजाताला तिला मारावे लागते. आमच्या वाचनगटातली एक मैत्रीण म्हणाली, पुन्हा एकदा समलिंगी पात्रच मेले. गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, झॉम्बीच्या कथेत या संबंधाचे काम काय, आणि हे परदेशी भूत मिरजेत आणायचेच कशाला? मी शेवट बदलू, संबंध काढून टाकू की कथा आहे तशीच ठेवू? – एक लेखिका, मिरज

उत्तर :

नमस्कार.

रुबिना आणि सुजाता यांचा संबंध कथेतून काढू नका. शेवटालाही एवढ्यात हात लावू नका. आधी बदलायला हवा तो चावा लपवण्याचा प्रसंग, आणि तो बदलला की शेवटही निराळा होईल असे मला वाटते. तुमच्या मैत्रिणीला काहीतरी खटकले ते योग्यच होते. तिला ते रुबिनाच्या मृत्यूत दिसले. मला ते त्याच्या बरेच आधी, रुबिना जखम झाकते तिथे दिसते.

झॉम्बीकथा वाचणाऱ्यांना लपवलेला चावा चांगलाच ओळखीचा असतो. आश्रयाला जमलेल्यांपैकी एकाला चावा बसलेला असतो, तो ते सांगत नाही आणि त्याच्या मौनाची किंमत इतरांना जिवाने मोजावी लागते. या रचनेत लपवणारा दोषी ठरतो, कारण त्याने लपवलेली गोष्ट खरोखर घातक असते. आणि ज्यांनी सगळ्यांची झडती घ्या म्हणून आरडाओरडा केलेला असतो त्यांचे म्हणणे खरे ठरते. तुम्ही याच रचनेत प्रेम आणून बसवले आहे. त्यामुळे वाचकाच्या मनात जे उरते ते असे : हिने आयुष्यभर एक गोष्ट दडवली, ती तिच्या अंगात भिनत गेली आणि शेवटी तिने जवळच्या माणसांनाच खाल्ले. लपवण्याचा ताण दाखवायचा, हा तुमचा हेतू पत्रातून मला स्पष्ट कळतो. परंतु कथेची रचना लेखिकेच्या हेतूला विचारून चालत नाही. चाव्याने माणसे मरतात, दोन स्त्रियांच्या प्रेमाने कोणी मरत नाही, आणि हा फरक तुमच्या खर्ड्यात पुसला गेला आहे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण हे समीकरण कल्पनेपुरते राहिलेले नाही. जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली, आणि एड्स हे नाव रूढ होण्याआधी काही काळ त्या आजाराला थेट समलिंगी पुरुषांशी जोडणारे नाव दिले गेले होते. तेव्हापासून ‘यांच्या अंगातच काहीतरी आहे’ ही भावना पुढची कित्येक वर्षे लोकांच्या मनातून आणि सरकारी कागदांतूनही हलली नाही. आपल्याजवळचे उदाहरण गोव्याचे आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला. पोलिसांनी त्याला घरून नेले आणि म्हापशाजवळ क्षयरुग्णांसाठीच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा अशा विलगीकरणाची गोव्याच्या आरोग्य कायद्यातील तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. चावा बसलेल्या माणसाला खोलीत कोंडण्याचा प्रसंग लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर म्हापशाची ती इमारत असावी, असे मला मनापासून वाटते. त्या गोष्टीतली सगळी भीती दाराबाहेरच्या माणसांनी निर्माण केलेली होती.

रुबिनाने चावा लपवूच नये, असे मी म्हणत नाही. तिने तो कोणापासून लपवावा आणि का, हा प्रश्न आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून रुग्ण शोधत, संशयितांना छावण्यांत नेत, सामान बाहेर काढून जाळत. लोक रुग्णाला माळ्यावर, अडगळीत लपवू लागले. रोग संसर्गजन्य आहे हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण शोधायला येणाऱ्यांचे भय रोगाच्या भयाहून मोठे झाले होते. (त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. तुमची सुजाता परिचारिका आहे, म्हणून त्यांची आठवण इथे करावीशी वाटली.) आजार लपवण्याची आठवण आपल्या भागात इतकी जुनी आहे, आणि तीत लपवणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शोधणारा दोषी आहे. तुमच्या कथेला ही आठवण उसनी आणावी लागणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. चावा बसल्यावर रुबिनाने तो पहिल्याच प्रसंगात सुजाताला दाखवावा. लपवणे म्हणजे काय हे या दोघींना त्या मजल्यावरच्या इतर कोणाहीपेक्षा अधिक कळते. लपवताना कोणती माणसे सुरक्षित असतात आणि कोणती नसतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे अजमावलेले आहे. तेव्हा रुबिनाने सुजाताला सांगणे अगदी स्वाभाविक ठरेल, आणि इतरांना न सांगण्याचा निर्णय दोघी मिळून घेतील. सुजाता परिचारिका आहे. आपण काय लपवतो आहोत आणि त्याचा इतरांना किती धोका आहे, हे तिला नेमके माहीत असणार. ती रुबिनाला दर काही तासांनी तपासेल, तिच्यासाठी वेगळी खोली शोधेल, दाराला बाहेरून कडी घालण्याची वेळ दोघी आधीच ठरवून ठेवतील. याचा अर्थ, ज्यांच्यावर बेजबाबदारपणाचा आरोप होणार आहे त्याच दोघी त्या मजल्यावर सर्वांत जबाबदारीने वागत असतील. मग संघर्ष आपोआप उभा राहतो : बाकीच्यांना या दोघी एकत्र वेगळ्या खोलीत का जातात, कुजबुज का करतात, याचा संशय येतो, आणि त्यांचा अंदाज चाव्याचा असतो की प्रेमाचा, हे कळायला मार्ग नसतो. एखाद्याने चुकून प्रेमाचा शोध लावला आणि चावा तसाच दडलेला राहिला, तर त्या प्रसंगात मला तुमच्या सध्याच्या शेवटापेक्षा कितीतरी अधिक भय दिसते.

आता ज्येष्ठ सदस्यांच्या दोन्ही प्रश्नांकडे वळतो. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यात आहे. झॉम्बी मूळचा कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचा. फ्रेंच मळेवाल्यांच्या उसाच्या शेतांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना मरण ही एकच सुटका उरली होती, आणि मेल्यावरही कोणी उठवून कामाला जुंपेल, या भयातून तो जन्मला. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. पुढे १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेने तो देश व्यापला, त्या वेळी ही कल्पना अमेरिकी वाचकांपर्यंत आणि चित्रपटांपर्यंत गेली. माणसे खाणारा, झुंडीने येणारा झॉम्बी त्यानंतरचा. तो १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांच्या चित्रपटाने रूढ केला. तेव्हा तो परदेशी आहे हे खरेच. पण आपली देशी भुते कोण आहेत, ते पाहा. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, मागे वारस नसलेला समंध होतो, असे आपल्याकडे मानत आले. ही सगळी भुते घरसंसारातल्या अपुऱ्या राहिलेल्या भूमिकांतून तयार झाली आहेत. लग्न, मूल, वंश यांवाचून गेलेला जीव अतृप्त राहणारच, हे त्यांच्यामागचे गृहीत आहे. आणि त्या गृहीतानुसार रुबिना आणि सुजाता जिवंतपणीच अर्ध्या भूत ठरतात. झॉम्बीला असे काहीच विचारायचे नसते. समोरचा विवाहित आहे की अविवाहित, बाईचे बाईवर प्रेम आहे की पुरुषावर, याने त्याच्या भुकेत फरक पडत नाही. त्यामुळे झॉम्बीकथेत हे प्रश्न विचारणारी फक्त जिवंत माणसे शिल्लक राहतात, आणि सगळे जग कोसळल्यावरही ती ते विचारत राहतात, ही गोष्ट उघडी पडते. तुमच्या विषयाला मुंजापेक्षा झॉम्बी जवळचा आहे, तो याच कारणाने.

जिवंतांचे भय हाच या प्रकाराचा खरा गाभा आहे. रोमेरोच्या त्या चित्रपटात बेन हा कृष्णवर्णीय नायक रात्रभर मृतांच्या वेढ्यातून तग धरतो आणि सकाळी, मेलेल्यांना टिपत निघालेल्या जिवंत माणसांच्या गोळीने मरतो. क्विअर, म्हणजे समलिंगी आणि तत्सम माणसांच्या, भयकथेने हाच धागा पुढे नेला. बीबीसीची ‘इन द फ्लेश’ ही २०१३-१४ ची मालिका तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पाहा. तिच्यात उठलेल्या मृतांवर उपचार करून त्यांना घरी पाठवले जाते. कीरन हा तरुण आपल्या गावी परततो. फिकट कातडी झाकायला लेप आणि डोळ्यांना लेन्स लावून त्याला वावरावे लागते, आणि त्याच्या प्रेमाबद्दल बोलायला मरणापूर्वी जितकी जागा होती तितकीच आताही असते. त्याचा मित्र रिक हाही परततो. रिकचा बाप गावातल्या झॉम्बीविरोधी पथकाचा म्होरक्या आहे; कीरनला मार, असे तो मुलाला सांगतो, रिक नकार देतो आणि बाप स्वतःच्या मुलाला मारतो. त्या मालिकेतही लपवणे आहे, शरीरातला बदल आहे, मृत्यू आहे. तरी प्रेम म्हणजे रोग असे तिथे कुठेही वाटत नाही, कारण मारणारा हात बापाचा आहे आणि लेप लावायला सांगणारा गाव आहे.

तुमच्या तिसऱ्या मजल्यावर हा गाव कोण असेल? पत्रात इतर पात्रांविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही, याची मला थोडी काळजी वाटते. रुग्णालय हे तुमच्या हाती आलेले फार मोलाचे स्थळ आहे, कारण तिथे माणसाचे नाते कागदावर लिहावे लागते. केसपेपरवर नातेवाइकाचे नाव, शस्त्रक्रियेच्या संमतीवर नातेवाइकाची सही, मृतदेह ताब्यात घेताना पुन्हा नातेवाइकाचीच सही. सुजाताने आयुष्यभर इतरांकडून या सह्या घेतल्या असतील. रुबिनाच्या केसपेपरवर मात्र ती ‘मैत्रीण’ म्हणूनही बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधल्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले की, अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले धरावे, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेहावर हक्क सांगता यावा. ‘जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा’ ही अट झॉम्बीकथेत वाचून पाहा. जिथे मृतदेह उठून चालू लागतो, तिथे त्याच्यावर हक्क कोणाचा? रुबिनाचा भाऊ त्याच मजल्यावर असला आणि गेली कित्येक वर्षे तो तिच्याशी बोललेला नसला, तर तिला कोंडायचे, सोडायचे की मारायचे हे ठरवण्याचा अधिकार सगळे जण त्यालाच देतील. सुजाता तिथेच उभी असेल आणि तिला कोणी विचारणार नाही. माझ्या मते तुमच्या कथेचा मध्यबिंदू हा आहे, आणि संबंधाचे कथेत काम काय, या प्रश्नाचे उत्तरही हेच.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले जात होते. तुमच्या वाचकांना ते आठवते. सोसायट्यांची बंद फाटके, कोणाला आत घ्यायचे यावरून झालेली भांडणे, दुरूनच पाहावे लागलेले अंत्यसंस्कार, हेही आठवते. त्यामुळे साथीची व्यवस्था समजावून सांगण्यात पाने खर्च करू नका.

रुबिनाच्या उलटण्याच्या वर्णनावर मात्र अधिक मेहनत घ्या. पत्रात ते एका वाक्यात येते आणि मला भीती वाटते की खर्ड्यातही ते डोळे पांढरे होणे, घशातून घरघर येणे अशा ठरावीक खुणांवर भागवले असेल. मिरजेतला वाद्ये घडवण्याचा व्यवसाय तुम्ही निवडला आहे, तर त्याचा उपयोग भयासाठी करा. रुबिना जवारी काढणारी, म्हणजे तारेचा झंकार जमावा म्हणून तिच्याखालची घोडी घासून बसवणारी असेल, तर घोडी कानसाने किंचित घासायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायची, या कामात तिचे आयुष्य गेले असेल. चावा अंगात भिनू लागल्यावर तिची भूक वाढण्याआधी तिचा कान जाऊ द्या. कोणीतरी वॉर्डात आणून ठेवलेला तंबोरा ती लावायला घेते आणि तार सुरात आहे की नाही हे तिला कळेनासे होते. तिला ते कळत नाही हे सुजाताला कळते. रक्ताचा एक थेंबही न दाखवता वाचकाला या प्रसंगात रुबिना जाताना दिसेल. आणि जी जाते आहे ती एक कारागीर, एक प्रेयसी आहे हेही त्याला विसरता येणार नाही.

यानंतर शेवट. समलिंगी पात्रे मारण्याची वाईट परंपरा आहे आणि तुमच्या मैत्रिणीचा राग रास्त आहे. पण त्यावर ‘रुबिनाने मरू नये’ असा नियम करणे मला पटत नाही. भयकथेत माणसे मरतात. प्रश्न असतो, तो मृत्यू कोणाच्या इच्छेने आणि कोणाच्या सोयीसाठी येतो. ‘द लास्ट ऑफ अस’ या मूळ व्हिडिओ गेममध्ये, २०१३ साली, बिलचा जोडीदार फ्रँक त्याच्याविषयी कडवट चिठ्ठी मागे ठेवून गळफास घेतलेला सापडतो. २०२३ च्या दूरचित्रवाणी मालिकेने तेच दोघे घेतले आणि त्यांना कितीतरी वर्षांचा संसार दिला : भांडणे, बाग, स्ट्रॉबेरी, म्हातारपण, आजारपण. शेवटी दोघेही मरतातच. पण कधी आणि कसे, हे ते स्वतः ठरवतात, एकाच घरात, एकाच टेबलावर जेवून. मेलेल्या माणसांची संख्या पाहिली तर दुसरे रूप अधिक दुःखी ठरायला हवे, आणि तरी ते पाहून मला आतून भरून आले, कारण त्या मृत्यूंना आधी जगलेल्या आयुष्याचे वजन होते. तुमच्या कथेत त्या दोघींच्या जगलेल्या आयुष्याची पाने किती आहेत, ते मोजा. चाव्याच्या आधी त्यांची एकही साधी संध्याकाळ नसेल, तर शेवट कोणताही केला तरी तो पोकळ वाटेल.

सुजातानेच रुबिनाला मारायचे असेल, तर ते रुबिनाने आधी मागितलेले असू द्या आणि भावाचा विरोध डावलून घडू द्या. त्यापुढे एक प्रश्न उरतो, तो तुम्ही टाळलेला दिसतो. साथीत सगळी प्रेते जाळायची असा त्या मजल्याचा नियम असणार. रुबिनाला दफन हवे असणार. मुंबईत ३० मार्च २०२० रोजी कोविडने गेलेल्या सर्वांना, धर्म कोणताही असो, अग्नीच द्यावा असे परिपत्रक निघाले होते आणि काही तासांतच ते मागे घ्यावे लागले, इतका हा विषय खोल जातो. सुजाता काय करेल? ती एकटी खाली उतरेल का, पुराच्या गाळात खणेल का, आणि तेवढ्या वेळात मागच्या माणसांनी दार लावून घेतले तर? माझ्यापाशी याचे उत्तर नाही, आणि असते तरी मी ते दिले नसते. ते तुम्ही लिहायचे आहे.

एक छोटी गोष्ट भाषेविषयी. या दोघींनी आपल्या संबंधाला काय म्हणावे याची चर्चा त्यांच्या तोंडी घालू नका, आणि वाचकाला समजावण्यासाठी एखाद्या डॉक्टर पात्राकडून व्याख्यान देववू नका. चारचौघांत सगळे सुजाताला ‘सिस्टर’ म्हणतात, रुबिनाही म्हणते. एकट्या असताना ती तिला काय म्हणते एवढे एकदाच ऐकू येऊ द्या. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना तेवढे पुरेल. नव्या खर्ड्याची सुरुवात चावा दाखवण्याच्या प्रसंगापासून करा, पहिल्या पानापासून नव्हे. तो प्रसंग उभा राहिला की आधीची पाने कोणती ठेवायची आणि कोणती काढायची, हे तुम्हाला त्यावरूनच ठरवता येईल.